घरातल्या चहांची परीक्षणे लिहिताना आपण चहाची नोंद करतो की त्या दिवसाची?

निवांत_घोट :
माझ्या कपाटात सध्या चहाचे एकोणीस डबे आहेत. त्यांत दार्जिलिंगचे फर्स्ट फ्लश आणि सेकंड फ्लश (म्हणजे वर्षातल्या पहिल्या आणि दुसऱ्या तोडणीचे चहा), आसामचा पूर्ण पानाचा आणि सीटीसी म्हणजे दाणेदार असे दोन्ही चहा, निलगिरी, चीनचे कीमुन, लाँगजिंग आणि धुरावलेला लॅपसाँग सूचाँग, तैवानचे दोन ऊलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधले), जपानचे सेंचा आणि ग्योकुरो हे हिरवे चहा, पांढऱ्या चहाच्या कळ्या, पु-अरची एक अर्धवट फोडलेली चकती आणि बाकी काही किरकोळ चहा आहेत. गेली तीन वर्षे मी प्रत्येकाची चव घेऊन वहीत चार ओळी लिहितो आणि दहापैकी गुण देतो.

परवा वही चाळताना मी चांगलाच खजील झालो. दार्जिलिंग सेकंड फ्लशच्या एकाच डब्याबद्दल मी अकरा महिन्यांच्या अंतराने दोन नोंदी केल्या आहेत. पहिलीत ‘पिकलेल्या द्राक्षांचा गंध, मधाचा गोडवा, घोट उतरल्यावरही दरवळ रेंगाळतो; ८’ असे आहे, तर दुसरीत ‘पोकळ, तुरट, शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव; ५’ असे आहे. दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरातल्या आहेत आणि दोन्ही लिहिताना मला स्वतःच्या जिभेबद्दल तिळमात्र शंका नव्हती. म्हणून विचारतो, की घरच्या संग्रहातल्या चहांची परीक्षणे लिहिताना तुम्ही नेमके काय टिपता, आणि त्या टिपणांवर पुढे तुमचा स्वतःचा तरी विश्वास बसतो का?

गाळणी :
दोन्ही वेळी पत्ती किती ग्रॅम होती, पाणी किती होते आणि चहा किती मिनिटे मुरू दिला होता, हे वहीत लिहिले आहे का?

निवांत_घोट :
नाही. पहिल्या नोंदीच्या वर ‘रविवार, बाहेर पाऊस’ असे लिहिले आहे आणि दुसरीच्या वर ‘घाई’ एवढेच आहे.

अर्धा_कप :
म्हणजे वही चहाची नसून हवामानाची आणि मनःस्थितीची आहे. त्या दृष्टीने पाहिल्यास ती अगदी चोख ठेवलेली दिसते.

गाळणी :
अर्धा_कप यांनी विनोद केला असला तरी मुद्दा तोच आहे. घाईत चमचा भरून पत्ती टाकली आणि किटलीकडे पाठ फिरवली, तर तीच पत्ती कडवट लागणार. चमचा हे माप तर मुळीच भरवशाचे नाही. पांढऱ्या चहाच्या लांबट, लवयुक्त कळ्यांचा एक चमचा आणि आसामच्या बारीक दाण्यांचा एक चमचा यांच्या वजनात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घेतल्यापासून माझी निम्मी परीक्षणे रद्द करावी लागली, कारण मी जिला ‘दमदार’ म्हणत होतो ती केवळ जास्त पडलेली पत्ती होती.

चव घेण्यासाठी चहा कसा करावा, याचे आंतरराष्ट्रीय मानकच आहे. आयएसओ ३१०३ हे मानक १९८० साली प्रथम प्रसिद्ध झाले. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, नुकतेच उकळलेले पाणी, पांढऱ्या चिनी मातीचे किंवा झिलई दिलेले भांडे आणि झाकण ठेवून ६ मिनिटे, असा त्याचा गाभा आहे. त्याच आशयाच्या ब्रिटिश मानकाच्या सहा पानांना १९९९ साली साहित्याचे इग नोबेल, म्हणजे नोबेलची गमतीने नक्कल करणारे पारितोषिक मिळाले, म्हणजे जगाने त्याची यथेच्छ थट्टाही केली आहे. पण मानकाचा हेतू उत्तम चहा करण्याचा नसून, तुलना करता येईल असा चहा करण्याचा आहे, आणि तुमच्या वहीत नेमके तेच हरवले आहे.

दुधाळ :
मला हे पटत नाही. सहा मिनिटे मुरवलेला कोरा चहा मी आयुष्यात कधी आवडीने प्यायलेलो नाही आणि पुढेही पिणार नाही. मग त्या कपाचे परीक्षण माझ्या काय उपयोगाचे? सीटीसी चहाचे उदाहरण घ्या. पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे दाणे करण्याची ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात सुरू झाली, आणि तिचा मोठा गुण हा, की थोड्या वेळात गडद, दुधालाही पुरून उरेल असा रंग उतरतो. तो चहा कोरा पिऊन ‘उग्र, एकसुरी, ४’ असा शेरा मारणे म्हणजे नगाऱ्याला बासरीचे गुण लावण्यासारखे आहे. दुधातले केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवते आणि त्यामुळे तुरटपणा बोथट होतो, हे तर विज्ञानही सांगते. जो चहा दुधासाठीच घडवला आहे, त्याची परीक्षाही दुधासहच झाली पाहिजे.

गाळणी :
@दुधाळ, तुमच्या माहितीसाठी सांगतो, की त्या मानकात दूध घालून चव घेण्याची रीतसुद्धा दिलेली आहे. त्यामुळे मानकावर राग धरू नये. ज्यांची तुलना करायची ते सर्व कप एकाच पद्धतीने व्हावेत, एवढेच माझे मागणे आहे, मग ते कोरे असोत वा दुधाचे.

मंद_आच :
येथे मी दुधाळ यांच्या बाजूने उभी आहे, जरी माझ्या घरात चहासाठी दुधाचा थेंबही वापरत नाहीत. कारण असे, की उकळते पाणी आणि सहा मिनिटे हा न्याय ग्योकुरोला लावला, तर हाती निव्वळ कडू काढा येईल. ग्योकुरोची झाडे तोडणीपूर्वी सुमारे वीस दिवस सावलीत झाकून ठेवतात. पानांतले थिअनाइन हे अमिनो आम्ल उन्हात कॅटेचिनांच्या घडणीत खर्ची पडते, तर सावलीत ते बरेचसे टिकून राहते. हे थिअनाइन, जे चहात १९४९ साली प्रथम सापडले, साधारण कोमट पाण्यातही सहज उतरते, तर कडू-तुरट कॅटेचिने जितके गरम पाणी मिळेल तितकी जोमाने उतरतात. म्हणून मी ग्योकुरोला ५० ते ६० अंश, सेंचाला ७० ते ८० अंश, ऊलाँगला ९० च्या पुढे आणि पूर्ण काळ्या चहाला जवळजवळ उकळते पाणी वापरते.

शिवाय ऊलाँगचे परीक्षण एका कपावर करणे हा मला अन्यायच वाटतो. १०० मिलिलिटरच्या झाकणाच्या वाडग्यात ५ ते ६ ग्रॅम पत्ती घ्यावी आणि पंधरा-वीस सेकंदांची एक वेळ, पुढे थोडी वाढवत, अशा सहा-सात वेळा त्याच पत्तीवर पाणी ओतावे. गोळीसारखी वळलेली पत्ती पहिल्या वेळी जेमतेम जागी होते, तिसऱ्या वेळी फुलांचा गंध पूर्ण उघडतो आणि पाचव्या-सहाव्या वेळी फक्त एक गोडसर, धातूच्या जवळ जाणारी चव उरते. यांतल्या कोणत्या घोटाला आठ गुण द्यायचे?

अर्धा_कप :
सरासरी काढावी आणि उरलेले अपूर्णांक दुधाळ यांना द्यावेत.

शंकेखोर :
माझा प्रश्न मूळ धागाकर्त्यांना आहे. पहिल्या नोंदीतील ‘पिकलेल्या द्राक्षांचा गंध’ हा तुम्हाला खरोखर आला होता, की पाकिटावर तसे छापले होते? दार्जिलिंग सेकंड फ्लश म्हटले की ‘मस्कटेल’ हा शब्द पाठोपाठ येतोच, आणि तो एका प्रकारच्या सुगंधी द्राक्षांवरूनच आला आहे. मी स्वतः पाकीट न वाचता पाच-सहा वेळा तो चहा प्यायलो, तेव्हा मला लाकूड, सुकलेली फुले आणि किंचित मसालेदार असे काहीतरी जाणवले. पाकीट वाचल्यावर मात्र तत्काळ द्राक्षे उगवली.

निवांत_घोट :
पाकिटावर छापले होते. हे लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे.

मंद_आच :
लाज कशाला? गंध खोटा नव्हे. मे-जूनच्या त्या तोडणीच्या वेळी तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, आणि झाड त्याला प्रत्युत्तर म्हणून काही सुगंधी द्रव्ये तयार करते. तैवानचा ‘ओरिएंटल ब्यूटी’ नावाचा ऊलाँग तर पूर्णपणे ह्याच कुरतडण्यावर उभा आहे आणि तुडतुडे यावेत म्हणून त्या बागांत कीटकनाशक फवारत नाहीत. माझ्या डब्यांतला तो एकमेव चहा आहे, ज्याचा मध मला कोणी न सांगता जाणवला.

शंकेखोर :
गंध नसतो, असे माझे म्हणणे नाही. परीक्षण लिहिताना आधी वाचलेले शब्द बाजूला ठेवावेत, असे माझे म्हणणे आहे. वहीत पाकिटावरचीच वाक्ये उतरवायची असतील, तर पाकीटच चिकटवून ठेवणे सोपे पडेल.

शब्दवेल्हाळ :
शब्दांचा विषय निघालाच आहे, तर माझे दोन पैसे टाकतो. आयात केलेल्या चव-चक्रांमध्ये, म्हणजे चवी-गंधांच्या नावांच्या गोल तक्त्यांमध्ये, अशा फुलांची आणि फळांची नावे असतात, जी आपल्यापैकी अनेकांनी हुंगलेलीही नसतात, आणि मग ती नावे नोंदीत लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या माणसाचे वर्णन करण्यासारखे होते. त्याउलट आपल्या भाषेत चहाला लागू पडणारे किती नेमके शब्द पडून आहेत! तुरट, कडसर, उग्र, खमंग, आंबूस, गोडसर, मिळमिळीत, कुबट, करपट, दर्प, दरवळ, परिमळ. वास, गंध आणि दर्प यांत आपण जो फरक करतो, तोच लॅपसाँग सूचाँगच्या दोन डब्यांतला फरक सांगायला पुरतो. एकात पाइनच्या लाकडाच्या धुराचा गंध असतो आणि दुसऱ्यात नुसता दर्प.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘कडू’ आणि ‘तुरट’ यांची गल्लत करू नये. जुन्या षड्रसांत तुरट म्हणजे कषाय हा स्वतंत्र रस मानला आहे. गंमत अशी, की त्याच यादीतला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, पण मराठीत येता येता ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि अर्थाने जागा बदलली. तेव्हा जुन्या ग्रंथात कटु वाचून कोणी चहा कडू समजू नये.

बाष्प :
शब्दवेल्हाळ यांच्या मुद्द्याला पुरवणी जोडतो. आजचे शरीरविज्ञान तुरटपणाला चव म्हणण्यापेक्षा स्पर्श म्हणणे पसंत करते. चहातली पॉलिफेनॉल द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा निसरडेपणा कमी होतो आणि गालांच्या आतून कोरडे, आखडल्यासारखे वाटते. कडूपणा मात्र जिभेवरच्या चवग्राहकांना जाणवतो आणि त्यात कॅफिनचाही वाटा असतो. नोंद करताना सोपी कसोटी अशी, की घोट गिळल्यावर जीभ टाळूवरून फिरवून पाहावी. ती अडखळली, तर तो तुरटपणा समजावा. हा तुरटपणा घोटागणिक साचत जातो, हे फार महत्त्वाचे आहे. म्हणून पाचवा कप हा पहिल्या कपापेक्षा नेहमीच दुर्दैवी असतो.

घोट आवाज करून ओढण्याबद्दलही सांगतो. व्यावसायिक परीक्षक चमच्यातला चहा जोराने सुर्रकन ओढतात, कारण त्यामुळे त्याचे बारीक तुषार तोंडभर पसरतात आणि गंध घशामागून नाकापर्यंत चढतो. आपण जिला चव म्हणतो, तिचा मोठा हिस्सा ह्या मागच्या दाराने येणाऱ्या वासाचा असतो. नाक चिमटीत धरून घोट घ्या, म्हणजे कीमुन आणि आसाम यांतला फरक किती उरतो, ते कळेल.

अर्धा_कप :
बालपणी ज्या आवाजाबद्दल मी असंख्य वेळा बोलणी खाल्ली, तो आवाज व्यावसायिक कौशल्य होते, हे कळायला इतकी वर्षे जावी लागली. घरच्यांना हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवत आहे.

बाष्प :
आता मूळ प्रश्नाकडे येतो. निवांत_घोट, त्या अकरा महिन्यांत तुमच्या घरातले पाणी बदलले होते का? पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट जास्त असेल, तर चहाचा रंग मंद, तपकिरी होतो, गंध दबतो आणि वर तेलकट दिसणारी पातळ साय धरते. ती साय म्हणजे तेल नव्हे, तर कॅल्शियम कार्बोनेट आणि ऑक्सिडीकरण झालेली पॉलिफेनॉल द्रव्ये यांचा थर असतो. लिंबाचे दोन थेंब टाकले की ती नाहीशी होते आणि रंगही उजळतो, कारण आम्लामुळे रंगद्रव्यांचा रंग बदलतो. उलट टोकाला, क्षार पूर्णपणे काढून टाकलेल्या पाण्यातला चहा अनेकांना सपाट लागतो.

निवांत_घोट :
त्या काळात आमचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बदलले होते. आधीचे पाणी सौम्य असावे, कारण तेव्हा साय कधी दिसली नव्हती, आणि आता ती रोज दिसते. ही शक्यता माझ्या ध्यानातच आली नव्हती.

झाकण :
पाण्यावर सगळे खापर फोडू नका. ‘ओला पुठ्ठा’ हे शब्द वाचून मी थांबलो. हा शिळेपणाचा अगदी ओळखीचा वास आहे. कृपया दोन गोष्टी सांगा. डबा अर्धा रिकामा असताना तसाच अकरा महिने ठेवला होता का, आणि त्याच्या शेजारी कोणता डबा होता?

निवांत_घोट :
डबा दोन तृतीयांश रिकामा होता. शेजारी लॅपसाँग सूचाँग.

झाकण :
अरेरे. चहाच्या पत्तीचे पाच वैरी आहेत, ते म्हणजे हवा, ओलावा, उजेड, उष्णता आणि परका वास. डबा जितका रिकामा, तितकी त्यात हवा जास्त, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडले की ती ताजी होऊन आत जाते. परक्या वासाचे तर विचारूच नका. जाई-मोगऱ्याच्या वर्गातल्या फुलांचा जो सुगंधी चहा मिळतो, तो बनवण्याची पद्धत म्हणजे रात्री उमलणारी फुले पत्तीत मिसळून ठेवायची, सकाळी काढून टाकायची आणि हे अनेक रात्री पुन्हा पुन्हा करायचे. पत्ती फुलांचा वास इतक्या तत्परतेने शोषते, तर शेजारच्या धुराला ती नाही कशी म्हणेल? माझ्याकडे धुराचा चहा वेगळ्या खोलीत राहतो.

सगळे चहा सारखेच शिळे होतात, असेही नाही. हिरवा चहा काही महिन्यांत निस्तेज होतो. त्याला शीतकपाटात ठेवायचे असेल तर हवाबंद पाकिटात ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर पत्तीवर दव धरते. काळा चहा त्याहून बराच जास्त टिकतो. पु-अर आणि दाबलेला पांढरा चहा मात्र वर्षानुवर्षे बदलत राहतो, आणि त्या बदलासाठीच लोक तो राखून ठेवतात. म्हणून माझ्या नोंदीत पहिली ओळ डबा कधी उघडला त्या तारखेची असते, दुसरी तोडणीच्या वर्षाची आणि चवीचा क्रमांक तिसरा लागतो.

पानगळ :
मी नवीन आहे. माझ्या एका पाकिटावर ‘एफटीजीएफओपी’ असे लिहिले आहे आणि दुसऱ्यावर ‘ऑरेंज पेको’. दुसऱ्यात मला संत्र्याचा गंध काही केल्या सापडत नाही. माझ्या नाकात दोष आहे का?

गाळणी :
तुमचे नाक उत्तम आहे, कारण त्यात संत्रे नाहीच. ही पत्तीच्या आकाराची आणि अखंडपणाची प्रतवारी आहे, चवीची नव्हे. ‘पेको’ हा शब्द कोवळ्या कळीवरच्या पांढऱ्या लवेसाठी असलेल्या चिनी शब्दावरून आला आहे. लांबलचक अक्षरे पाहून गुण वाढवू नयेत. बारीक पत्तीचा चहा लवकर आणि जोरकस उतरतो, पूर्ण पान सावकाश उतरते, एवढाच अर्थ त्यातून घ्यावा.

अर्धा_कप :
‘एफटीजीएफओपी’चा खरा विस्तार चहाच्या धंद्यातले लोक ‘फार टू गुड फॉर ऑर्डिनरी पीपल’, म्हणजे ‘सामान्य माणसांसाठी फारच उत्तम’ असा करतात, असे ऐकून आहे.

संख्याप्रिय :
पाणी, वजन, शिळेपणा, शेजारचा धूर, पाकिटावरचे शब्द, अशी पाच कारणे झाली. ही सगळी पटण्यासारखी आहेत आणि हीच खरी अडचण आहे, कारण मागे वळून पाहताना कोणतेही कारण पटते. सोडवण्याचा मार्ग एकच. चहा झाकून चाखा, आणि त्यात एकच चहा दोनदा ठेवा.

ह्या विषयातले एक गाजलेले उदाहरणही चहाचेच आहे. गेल्या शतकात १९२० च्या दशकात इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात म्यूरिअल ब्रिस्टल या शैवालशास्त्रज्ञ बाईंनी, कपात दूध आधी घातले की चहा, हे आपण चवीवरून ओळखू शकतो, असा दावा केला. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावरून आठ कपांची कसोटी मांडली, ज्यांपैकी चारांत दूध आधी आणि चारांत चहा आधी असावा. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती आहेत, म्हणून निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त १ एवढीच उरते. १९३५ साली फिशर यांनी हे उदाहरण आपल्या ग्रंथात सविस्तर चर्चिले.

घरी एवढे करायची गरज नाही. तीन कपांपैकी दोनांत एक चहा आणि तिसऱ्यात दुसरा ठेवून वेगळा कप ओळखायला सांगावे. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून चार-पाच वेळा करावे. आणि गुण द्यायचेच असतील, तर लपवलेल्या जोडकपाला तुम्ही दोनदा किती गुण देता, ते आधी पाहावे. त्यांतला फरक म्हणजे तुमच्या मोजपट्टीवरची सर्वांत लहान रेघ होय. त्याहून लहान फरकांवर वाद घालू नये.

दुधाळ :
दूध आधी की चहा आधी, यावर शास्त्रज्ञांनी वेळ घालवला, हे वाचून मला फार बरे वाटले.

निवांत_घोट :
तीन आठवड्यांनी परत येत आहे, कारण संख्याप्रिय यांचा सल्ला मी मनावर घेतला.

सुदैवाने त्याच सेकंड फ्लशचे, त्याच वेळी घेतलेले दुसरे पाकीट माझ्याकडे न उघडता पडून होते. घरातल्या एका व्यक्तीने माझ्या पाठीमागे पाच कप केले. नवे पाकीट, जुना डबा, कीमुन, आसाम आणि पुन्हा एकदा नवे पाकीट. प्रत्येकी २ ग्रॅम, १०० मिलिलिटर उकळते पाणी, ५ मिनिटे. कपांच्या तळाशी खुणा होत्या आणि क्रम मला ठाऊक नव्हता. जोडकप त्यात आहे, एवढे माहीत होते, तरी तो कोणता, ते मला ओळखता आले नाही.

पहिल्या कपाला मी ८ दिले आणि ‘सुकलेली फुले, मध, घशात उबदार’ असे लिहिले. दुसऱ्याला ७, तिसऱ्याला साडेसहा. चौथ्याला ५ आणि शेजारी ‘पुठ्ठा, मागे कुठेतरी धूर’ असे लिहिले. पाचव्याला साडेसहा देऊन ‘तुरट, गंध चांगला पण मागे राहतो’ अशी टीप केली. कप उलटून पाहिले, तेव्हा चौथा जुना डबा निघाला, आणि पहिला व पाचवा एकच चहा होता. एकाच पाकिटातल्या चहाला मी दहा मिनिटांच्या अंतराने दीड गुण कमी दिले होते.

दुसऱ्या दिवशी क्रम बदलून, दोन कपांमध्ये कोमट पाण्याने चूळ भरून आणि मध्ये पाच मिनिटे थांबून पुन्हा केले. जोडकपाला ७ आणि साडेसात मिळाले. जुना डबा पुन्हा पाचवरच राहिला. द्राक्षे दोन्ही दिवशी कुठेच आली नाहीत.

शंकेखोर :
म्हणजे मूळच्या तीन गुणांच्या घसरणीत निम्मा दोष डब्याचा आणि निम्मा तुमचा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कृपया आवरावा. दोन दिवसांच्या चवीवरून एवढे गणित करता येत नाही. जुना डबा बिघडला आहे, हे मात्र मीही मान्य करतो.

बाष्प :
पाण्याचे काय झाले?

निवांत_घोट :
पाण्याचा वेगळा प्रयोग केला. तेच नवे पाकीट घरच्या पाण्यात आणि कमी क्षारांच्या बाटलीबंद पाण्यात केले. तीन-तीन कपांची ती परीक्षा पाच वेळा केली आणि पाचही वेळा वेगळा कप ओळखता आला. खरे सांगायचे तर डोळ्यांनीच ओळखता येत होता, कारण एक तांबूस-सोनेरी आणि दुसरा मळकट तपकिरी दिसत होता. चौथ्या वेळेपासून डोळे बांधले, तरीही चुकलो नाही. गंधातला फरक रंगातल्या फरकाइतका मोठा नव्हता.

दुधाळ :
आणि जुन्या डब्यातल्या उरलेल्या पत्तीचे काय केले? टाकून दिली असेल, तर मी हा धागा सोडून जाईन.

निवांत_घोट :
टाकली नाही. तुमचे स्मरण करून दुधात उकळली. पुठ्ठाही गेला आणि धूरही फारसा जाणवला नाही. दोघांनी मिळून ती चार दिवसांत संपवली.

दुधाळ :
माझी बाजू पूर्णपणे सिद्ध झाली आहे.

गाळणी :
सिद्ध इतकेच झाले, की दूध पुरावे नष्ट करते.

मंद_आच :
निवांत_घोट, तुम्ही गुण देणे बंद करणार का? मी दोन वर्षांपूर्वीच बंद केले आणि त्याऐवजी प्रत्येक नोंदीच्या शेवटी ‘हा चहा संपल्यावर पुन्हा घेईन का’ एवढेच लिहिते. जोडीला ओल्या पत्तीचा वास वेगळा टिपते, कारण गाळून उरलेल्या चोथ्यात पुष्कळ गोष्टी उघड होतात. अखंड पाने आहेत की चुरा, हिरवट कडा आहेत की एकसारखा तांबूस रंग, हे सगळे तेथे दिसते. फर्स्ट फ्लशला सगळे काळा चहा म्हणतात, पण त्याचा चोथा पाहा. पाने इतकी हिरवी असतात, की त्यांचे ऑक्सिडीकरण अर्धवट थांबले आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

संख्याप्रिय :
गुण द्यायला हरकत नाही, पण तुमच्या जोडकपांतला फरक पाहता ते अर्ध्या गुणाच्या बारकाईने देऊ नका. ‘नको’, ‘चालेल’ आणि ‘पुन्हा’ अशा तीन पायऱ्या तुमच्या जिभेला पेलतील. माझ्या जिभेलाही त्याहून जास्त पेलत नाहीत.

निवांत_घोट :
तर वहीतली नव्या पद्धतीची पहिली नोंद येथे उतरवतो आणि आपल्या सर्वांच्या तपासणीसाठी ठेवतो.

‘दार्जिलिंग सेकंड फ्लश. बंद पाकीट, अठरा दिवसांपूर्वी उघडले, आता छोट्या डब्यात काठोकाठ भरले आहे, लॅपसाँगपासून दूर. २ ग्रॅम, १०० मिलिलिटर, उकळते, ५ मिनिटे. आजचा पहिला कप. कोरडी पत्ती : सुकलेले लाकूड, थोडा कोको. ओली पत्ती : पाने बहुतेक अखंड, तांबूस, दोन-तीन हिरवट, वास उकडलेल्या फळांचा, कोणत्या ते सांगता येत नाही. घोट : आधी गोडसर, मग गालांना कोरडेपणा, कडूपणा नाही. गार झाल्यावर मध स्पष्ट. पाकीट वाचले नाही. पुन्हा.’

गाळणी :
उत्तम नोंद आहे. पाणी कोणते होते, ते राहिले.

निवांत_घोट :
घाई.